दुपारची केरसुणी

१

चाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या दारावर बसलो. नोला गावात ऑफिलियसांचं मोठं घर आहे, तिथे मी दारवान होतो. आधी विकत घेतलेला गुलाम, मग म्हातारे मालक जाताना मोकळा करून गेले तो. नाव त्रोफिमस. जन्म समुद्रापलीकडचा, अर्कादियाच्या डोंगरातला, शेळ्यांच्या मुलखातला. शाळा पाहिली नाही. मालकांची मुलं ओसरीत बसून मोठ्यांदा अक्षरं घोकायची, ती ऐकून ऐकून मला आली. तेव्हा लिहिताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

दारावर बसणाऱ्याला दोनच गोष्टी येतात. आवाजावरून माणूस ओळखणं ही एक. आतला माणूस जायला निघाला की त्याने सांगायच्या आत अडसर काढणं ही दुसरी. ही दुसरी गोष्ट डोक्यात नसते, हातात असते. डुलकी लागलेली असली तरी हात आपला उठतो आणि काम करतो.

मोकळा झालो तसा लेकीकडे राहायला आलो. थालुसा माझी एकुलती एक. तिची आई तिला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी गेली, त्याच मोठ्या घराच्या मागच्या अंगणातल्या खोलीत. तेव्हा कोणी काही केलं नाही. गुलामाच्या बाळंतिणीसाठी कोण काय करणार? मी दारावर होतो. मला संध्याकाळी कळलं.

थालुसाचा नवरा मागियस. इथल्याच मातीतला, रोमन रीतीचा माणूस. द्राक्षवेलींच्या आधाराला खुंट लागतात, ते तोडून विकतो. घर गावाच्या वरच्या अंगाला, ओकच्या रानाला अगदी चिकटून. दोन खोल्या, मधे चूल, आणि बाहेर जायला पुढे एकच दार.

सकाळी मला जाग यायची ती लेकीच्या केरसुणीने. लहानपणी जात्यात सापडून तिचा डावा हात अधू झाला होता, खांद्याच्या वर जात नसे. त्यामुळे ती झाडायची ते दोन आखूड फटके आणि मग एक लांब. खर्र, खर्र, खर्रर्र. आतून सुरुवात करून केर दाराबाहेर, रानाच्या तोंडावर टाकायची. अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज ऐकला की मला वाटायचं, चला, आजचा दिवस बरा जाणार.

२

भर उन्हाळ्यात तिला मुलगा झाला. सुटका सुखाने झाली. मी दारावर जैतुनाची डहाळी बांधली. आमच्याकडे मुलगा झाला की बांधतात.

सुईण होती पपिया. माझ्याच वयाची, वाळलेली, बोलायला तिखट. हात धुऊन बाहेर आली आणि डहाळीकडे बघत राहिली.

"हा झाडपाला कशाला?"

"मुलगा झाला ना. रीत आहे आमची."

"असू दे. दिसतं बरं. अडत नाही त्याने कोणी." मग मागियसला म्हणाली, "तीन पुरुष लागतील रे. दिवेलागणीला. एकाच्या हातात कुऱ्हाड, एकाच्या मुसळ, एकाच्या केरसुणी."

"कोणाला बडवायचंय?" मी विचारलं.

"उंबऱ्याला."

कुऱ्हाड मागियसची होतीच. मुसळ घेऊन खालच्या आळीचा हेरियस आला. पाव भाजणारा, पोट सुटलेला, सदा पिठाने माखलेला. तिसरा मी.

"पपियाबाई," मी म्हटलं, "तुमच्या एका दाराला देव तरी किती?"

"फळीचा एक, बिजागरीची एक, उंबऱ्याचा एक. आणि आजच्या दिवसाला कुऱ्हाडीची, मुसळाचा, केरसुणीची मिळून आणखी तीन."

"सहा! ऑफिलियसांचं दार याच्या चौपट, तिथे मी एकटा पुरत होतो."

"म्हणूनच दोनदा चोरी झाली तिथे," हेरियस म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर पोट हलवत हसला.

मीही हसलो. "आमच्याकडे एकच देव दहा कामं करतो. शिवाय भांडतो, प्रेमात पडतो, रुसतो, जेवायला येतो."

"म्हणून तुमची कामं होत नाहीत," पपिया म्हणाली. "आमचे देव कोणाचे जावई नाहीत की मेहुणे नाहीत. त्यांना तोंड नाही, गोष्ट नाही. काम आहे."

"आणि ज्याला अडवायचं, तो कोण?"

तिने ओढणी डोक्यावर पुढे घेतली. "रानातला. पुरुष त्याला सिल्वानुस म्हणतात. बायका नाव घेत नाहीत. बाळंतिणीच्या मागावर येतो."

"दिसतो कसा?"

"कोणी पाहिलाय?"

"मग त्याला हवं तरी काय असतं?"

"ठाऊक नाही, दारवाल्या. ठाऊक नाही म्हणून तर बाहेर ठेवायचा."

मला खरं सांगायचं तर गंमत वाटली. रानात राहणारा, माणसांना दचकवणारा, बायकांच्या मागे लागणारा. अहो, हा तर आमचाच! आमच्या गावावरच्या गुहेत त्याची लाकडी मूर्ती होती. बकरीचे पाय, दाढी, तोंडभर हसू. गावच्या सुताराचा पटाशीचा हात घसरला होता म्हणून एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा झालेला. लहानपणी मी त्याला दूध नेऊन द्यायचो. मी पपियाला त्याचं नाव सांगितलं. इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

"तुमचा असेल तर तुमच्या डोंगरात असेल," ती म्हणाली आणि आत गेली.

नोल्यात सगळे हेच करतात, मी काही जगावेगळं केलं नाही. तुमचा जुपिटर म्हणजे आमचा झेउस, तुमची विनस म्हणजे आमची आफ्रोदिती. बाजारात इथली मापं आणि तिथली मापं जुळवून घेतात तसे देव जुळवतात. मी चाळीस वर्षं जुळवत आलो. कधी काही बिघडलं नव्हतं.

३

दिवेलागणीला आम्ही तिघे उंबऱ्यापाशी उभे राहिलो. पपियाने तिघांच्याही डोक्यावर उपरणी ओढली, पार डोळ्यांपर्यंत.

"वर बघायचं नाही. मी म्हणेन तेच म्हणायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पहिल्यापासून."

मागियसने कुऱ्हाड उंबऱ्यावर घातली. हेरियसने मुसळ आपटलं. मी केरसुणीने उंबरा झाडला, आतून बाहेर. हेरियस मधेच शिंकला, तर पपियाने खरोखरच सगळं पहिल्यापासून करायला लावलं. मग दार लावलं, अडसर घातला, आणि ती म्हणाली, "झालं. आता नऊ दिवस. नवव्या दिवशी मुलाचं नाव ठेवायचं. तोवर बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, आणि ओळखीच्या माणसाशिवाय कोणाला आत घ्यायचं नाही."

ती गेली. मागियस हेरियसला पोचवायला खाली गेला. घरात मी, थालुसा आणि ते बाळ.

आता माझी चूक सांगतो. मला राहवेना. आमच्याकडे देवाला दाराबाहेर हाकलत नाहीत, तो रुसतो. देवाला गोंजारायचं असतं. तिच्या आईच्या वेळी मी कोणाला काही दिलं नव्हतं, ते मनात होतं. मी वाडग्यात शेळीचं कोमट दूध घेतलं, मध घातला. अडसर काढला, दार सताड उघडलं. वाडगा उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवला. डोक्यावरचं उपरणं मागे सारलं, कारण आम्ही देवाशी उघड्या डोक्याने, वर बघून बोलतो. समोर रान काळं होत चाललं होतं. मी गुहेतला तो चेहरा डोळ्यांपुढे आणला, नाव घेतलं, आणि आजोबा म्हणायचे तसं म्हणालो, "ये रे बाबा. घर तुझंच आहे."

पानही हललं नाही. मला बरं वाटलं. दार लावून मी झोपलो.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी.

इथे उन्हाळ्यात दुपारी सगळं थांबतं. दारं बंद, माणसं आडवी, रानात नुसते रातकिडे ओरडत असतात, दिवसासुद्धा. मी दारामागे माझ्या जागी बसलो होतो. एकाएकी ते ओरडणं बंद पडलं. हळूहळू नाही, एकदम, हाताने दाबल्यासारखं.

थोड्या वेळाने ते परत सुरू झालं. मी दार उघडलं.

वाडगा उंबऱ्यावर होता. बाहेर जमिनीवर नाही, उंबऱ्याच्या दगडावर, बरोबर मध्यभागी. रिकामा. कुत्र्याने चाटला की ओशट राहतो. हा पुसलेला होता.

मला आधी आनंदच झाला. आला म्हणायचा! मी वाकून खुरांचे ठसे शोधू लागलो. बकरीचा ठसा मला अंधारातही ओळखू येईल. ठसा एकही नव्हता. दारापुढची माती झाडलेली होती. केरसुणीच्या काड्यांच्या बारीक रेघा दिसत होत्या.

थालुसा तर बाळंतीण. मग कोणी झाडलं? मागियस असेल, म्हटलं. पण ती रेघ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे बघायची सवय असते माणसाला. रेघा रानाकडून येत होत्या. केर घराच्या दिशेने लोटलेला होता.

५

तिसऱ्या दिवशी वाडगा आत होता, दारापासून हातभर. मी तो उचलून फळीवर पालथा घातला. चौथ्या दिवशी तो पुन्हा खाली होता, चुलीपाशी, आणि दुपारी मला आवाज आला.

खर्रर्र. खर्रर्र. खर्रर्र.

सगळे फटके लांब, सारखे, न थांबता. ज्याला हात दमत नाही त्याचं झाडणं. आवाज बाळंतिणीच्या खोलीतून. मी उठून जाईपर्यंत बंद झाला. थालुसा झोपली होती, बाळ तिच्या कुशीत. केरसुणी त्या खोलीच्या दाराच्या फळीमागे कोपऱ्यात, रोजच्या जागी. आणि पलंगाच्या पायाशी केराची एक छोटी ढिगोळी. माती, आणि ओकची सुकलेली पानं. घरात ओकची पानं कुठून येणार?

त्याच संध्याकाळी तिला ताप भरला.

मी साधा माणूस आहे, पण वेडा नाही. मनात म्हटलं, तापात उठून तीच झाडत असेल. बाळंतिणीला भास होतात, ती चालते, तिला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी ती झोपल्यावर मी तिच्या मनगटाला लोकरीचा धागा बांधला, दुसरं टोक पलंगाच्या पायाला. धागा इतका कच्चा की कूस बदलली तरी तुटावा.

दुपारी झाडणं झालं. मी आत गेलो. धागा जसाच्या तसा. ढिगोळी पलंगाखाली सरकली होती.

थालुसाने डोळे उघडले. "बाबा, तुम्ही कशाला झाडता? कंबर धरेल."

"मी नाही ग."

"मग कोण?" ती हसली. ओठ सुकून गेले होते. "मला वाटलं तुम्हीच. म्हटलं, बाबांना झाडता येत नाही हे आज कळलं. आत काय लोटता केर?"

मी तिच्या कपाळावर ओला फडका ठेवला. बाळ रडत नव्हतं. ते फळीमागच्या कोपऱ्याकडे बघत होतं. पाच दिवसांच्या बाळाची नजर ठरत नाही म्हणतात. त्याची ठरली होती.

६

मी पपियाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वाडग्याचं, दार उघडल्याचं, नाव घेतल्याचं. ती मसूर निवडत होती. तिचे हात थांबले.

"डोकं उघडं होतं?"

"हो."

"तोंड कसलं आठवलंस?"

"आमच्या देवाचं."

तिने मसुराचं सूप बाजूला ठेवलं. मी म्हणालो, "चुकलं तर पहिल्यापासून करता ना तुम्ही? पुन्हा करू. कुऱ्हाड, मुसळ, सगळं. मी एक शब्द चुकणार नाही."

"अरे बाबा, तो बाहेर असता तर केलं असतं. आता उंबऱ्यावर कुऱ्हाड घातली तर तो आतच अडकेल. बाहेरची वाटसुद्धा बंद."

"मग पोरीला उचलून खाली गावात नेऊ."

"आत आहे तोवर निदान चूल तुमची आहे. उंबरा ओलांडला की ती त्याच्या रानात."

"मग त्याला जायला सांगू. काय हवं ते देऊन."

"काय हवं?" तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तिखटपणा उरला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "तुमच्या देवांच्या गोष्टी असतात. तो कशावर भाळतो, कशाने चिडतो, सगळं तुम्हाला पाठ. याची एकही गोष्ट नाही रे. आमच्या बापजाद्यांनी एवढंच शोधून काढलं होतं की तो कुठे थांबतो. तेवढंच होतं आमच्याकडे."

निघताना ती म्हणाली, "नऊ दिवस निघू देत. मुलाचं नाव पडू दे. नाव पडलं की पोर घराचं होतं."

"आणि पोराची आई?"

ती परत मसूर निवडायला लागली.

मागियसला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो मोठा राकट माणूस, मला वाटलं मारेल. त्याने फक्त विचारलं, "मामा, का?"

"तिची आई गेली होती ना," मी म्हणालो. "म्हटलं, या वेळी कोणाशी तरी चांगलं वागावं."

तो कुऱ्हाड मांडीवर घेऊन पलंगाशी बसला. दोन दिवस, दोन दुपारी. दोन्ही दुपारी बसल्या बसल्या त्याला झोप लागली आणि जाग आली तेव्हा त्याच्या पायांभोवतीचा केर काढलेला होता.

७

आठव्या दुपारी मी जागा राहिलो. मागियसची मान पडली. थालुसा झोपेत, श्वास वरवरचा. मी तिच्या उशाशी जमिनीवर बसलो होतो, डोकं उघडं. सवयच ती.

रातकिडे थांबले.

खर्रर्र. खर्रर्र. मग जरा थांबून, खर्र. पुन्हा थांबून, खर्र, खर्र. खर्रर्र.

दोन आखूड, एक लांब. मधली विश्रांती किंचित चुकत होती, लहान मूल मोठ्याचं बघून करतं तशी. मग चुकेनाशी झाली. तिसऱ्या खेपेला डोळे मिटून ऐकलं असतं तर मी म्हणालो असतो, लेक उठली माझी.

लेक माझ्यासमोर झोपली होती.

आवाज फळीमागून येत होता. खोलीचं दार उघडं असलं की फळी भिंतीला टेकते, मागे जेमतेम वीतभर जागा राहते, केरसुणी उभी करण्यापुरती. मी बसल्या जागेवरून त्या फटीत पाहिलं. आधी गुडघा दिसला. ओकच्या खोडाला गाठ असते तसा. वीतभर जागेत तो मावायला नको होता, पण होता. माझी नजर वर गेली. कोणीतरी खाली ओढावी म्हणून मी मनात ओरडत होतो आणि ती वरच जात होती.

वर माझ्या गावच्या गुहेतला चेहरा होता. दाढी, हसू. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. त्या सुताराचा हात घसरला होता हे या मुलखात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. आणि ते हसू फार लांबवर गेलं होतं. हसू कुठे संपवायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं ना.

मी डोक्यावर उपरणं ओढलं. बराच वेळ तसाच बसलो. ऐकत.

८

नवव्या दिवशी सकाळी थालुसाचा ताप उतरला.

उठून बसली, सातूची पेज मागून घेतली, वर खारवलेले जैतून खाल्ले. हेरियस मधाच्या पोळ्या घेऊन आला. "बाईसाहेब, तुमच्या वडिलांनी माझं मुसळ आठ दिवस अडकवून ठेवलंय, दुकानात मी कपाळाने कुटतो," म्हणाला. ती खळखळून हसली. तिचं हसणं ऐकून मागियस बाहेर जाऊन डोळे पुसून आला.

पपियाने बाळाला पाण्याने पुसलं, जमिनीवर ठेवलं. मागियसने उचलून छातीशी धरलं आणि नाव सांगितलं, नुमेरियस. बाळ रडलं. आठ दिवसांत पहिल्यांदा, अगदी मोकळ्या गळ्याने. पपिया माझ्याकडे बघून म्हणाली, "पोर घराचं झालं." मी तिचे हात धरले. मला वाटलं, सुटलो.

जेवणं झाली. पुरुष बाहेर अंजिराच्या सावलीत लवंडले. पपिया चुलीपाशी बसल्या बसल्या पेंगली. मी दार ओढून घेतलं, अडसर घातला, माझ्या जागी बसलो. पोट भरलेलं, आठ दिवसांचं जागरण. डोळा लागला असावा.

आवाज आला. खर्र, खर्र, खर्रर्र. आतून दाराकडे येणारा, रोज सकाळी यायचा तसा. मला बरं वाटलं. म्हटलं, लेक बरी झाली, कामाला लागली.

थालुसा माझ्यासमोरून आली. अंगावर स्वच्छ कपडे, केस विंचरलेले. हातात केरसुणी नव्हती. उजवा हात खाली मोकळा होता. डावा वर होता, डोक्याच्या वर, उंच माणसाने बोट धरलेल्या मुलाचा असतो तसा. तिचा डावा हात खांद्याच्या वर कधी जात नसे.

"बाबा, येते हं," ती म्हणाली.

आणि मी अडसर काढला.

चाळीस वर्षं काढला तसा. माणूस निघाला, हात उठला. मला कळलं तेव्हा अडसर माझ्या हातात होता, दार उघडं होतं आणि उन्हाने डोळे दिपले होते. मी ओरडलो. अंजिराखाली कोणी हललं नाही. रातकिडे परत ओरडायला लागले तेव्हा सगळे एकदम जागे झाले.

उंबऱ्यापासून ओकच्या पहिल्या झाडापर्यंत एक पट्टा झाडलेला होता. त्यावर पाऊल एकही नव्हतं. मागियस तीन दिवस रानात कुऱ्हाड घेऊन तिला हाका मारत फिरला. चौथ्या दिवशी परत आला आणि त्याने बाळाला कुशीत घेतलं.

९

नुमेरियस आता चार वर्षांचा आहे. हेरियसच्या सुनेने त्याला अंगावर पाजून वाढवलं. गुटगुटीत आहे, दुपारी गाढ झोपतो. मागियस मला कधी टाकून बोलला नाही. एकदाच म्हणाला, "मामा, तुम्ही नाही, तुमचा हात होता," आणि माझ्यापुढे भाकरीचा तुकडा सरकवला.

पपिया मागच्या हिवाळ्यात गेली. जायच्या आधी मला बोलावून म्हणाली, "दारवाल्या, एक सांगते, करू नकोस. नाव तू दिलंस. त्या नावाने हाक मारलीस तर तो येईल. ज्याचा हात धरलाय त्याला घेऊन येईल."

"थालुसा येईल?"

"मी म्हटलं ना, करू नकोस."

रोज दुपारी मी बंद दारामागे बसतो. डोक्यावर उपरणं, डोळ्यांपर्यंत. पाठीमागे नातू झोपलेला. रातकिडे थांबतात. मग दारापलीकडे झाडणं सुरू होतं.

खर्र, खर्र, खर्रर्र.

रानाकडून उंबऱ्यापर्यंत येतं. चाळीस वर्षं मी आवाजावरून माणूस ओळखला, एकदाही चुकलो नाही. ही माझी लेक आहे, हे मी कोणत्याही देवळात शपथेवर सांगेन. पण आठव्या दुपारीही मी हेच सांगितलं असतं, आणि तेव्हा ती माझ्यासमोर झोपली होती.

ते नाव रोज जिभेवर येतं. मी ते गिळतो. तोंडावर माझा ताबा आहे, हातावर नाही. म्हणून दुपारी आडवा व्हायच्या आधी मागियस अडसर घालतो आणि माझा उजवा हात चुलीजवळच्या खांबाला दोरीने बांधतो. गाठ घट्ट आहे की नाही ते मी ओढून बघतो आणि मान हलवतो.

शेवटचा लांब फटका उंबऱ्याला लागून थांबतो. मग पलीकडे कोणीतरी उभं राहतं. धक्का देत नाही, हाक मारत नाही. दोरीत माझा हात उठतो, पुन्हा उठतो, आणि मनगट सोलवटून निघतं. मी श्वाससुद्धा आवाज न करता घेतो.

बाहेर थालुसाच असेल, तर तिला वाटत असेल, बाबांना झोप लागली आहे.